ठाण्यात चाललेलं मशीन पुण्यात का अडलं? एका ड्रिप कॉफी मेकरचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण माझ्या परिचयातल्या एका कुटुंबाचं आहे. त्यांच्या परवानगीने लिहितो आहे, नावं बदलली आहेत. घरात चौघं: निवृत्त बँक अधिकारी नाना, मुलगा निखिल, सून मेघना आणि शाळेत जाणारी नात. नानांच्या नोकरीतली काही वर्षं बंगळूरला गेली आणि तिथून ते चिकोरी मिसळलेल्या कॉफीची सवय घेऊन आले. घरात चहा होतो, पण नानांसाठी तो पाहुण्यांचा पदार्थ.

मशीन अगदी साधं. ६५० वॅटचा ड्रिप कॉफी मेकर, एक बटण, काचेचा जग, जगाखाली हॉट प्लेट आणि पुन्हापुन्हा वापरायची नायलॉनची जाळी. सकाळी एक जग, दुपारी थोडी. म्हणजे रोज साधारण लिटरभर पाणी त्यातून जायचं. ठाण्यात ते चार वर्षं बिनतक्रार चाललं. देखभाल म्हणजे जग विसळायचा आणि जाळी नळाखाली धरायची, एवढीच. आतून साफ करायची वेळ कधी आलीच नाही.

मग निखिलची नोकरी बदलली आणि जूनमध्ये बिऱ्हाड पुण्याला आलं, पूर्वेकडच्या एका उपनगरात. २०२१ मध्ये महापालिकेत आलेल्या २३ गावांपैकी हे एक. पाणी बोअरचं आणि टँकरचं. सोसायटीच्या पंपरूमशेजारी जड पाणी मऊ करणारा सॉफ्टनर प्लांट उभा आहे, आणि 'आमच्याकडे सॉफ्टनर आहे' हे वाक्य फ्लॅट दाखवताना प्रत्येकाला ऐकवलं जातं. स्वयंपाकघरात पिण्यासाठी आरओ. कॉफी मशीनची टाकी मात्र सिंकच्या नळाखाली भरली जायची, कारण ठाण्यातही तसंच होतं आणि पाणी तापणारच आहे, मग आरओचं पाणी कशाला वाया घालवा, असा हिशोब.

अडचण कशी वाढत गेली

गणपतीच्या सुमारास नानांनी पहिल्यांदा म्हटलं की कॉफी कडू लागते. दसऱ्यापर्यंत मशीन घरघर करायला लागलं, झाकणाच्या फटीतून वाफ यायला लागली. दिवाळीत पाहुण्यांसमोर जग भरायला वीस मिनिटांच्या आसपास लागली, टाकीच्या तळाशी पाणी उरलं, आणि एवढं होऊन कॉफी कोमटच.

मधल्या दोन-अडीच महिन्यांत घरात प्रत्येकाने आपापला उपाय केला. नानांचा संशय पावडरीवर. त्यांनी दुकान बदललं, ८०:२० च्या जागी ६०:४० चं मिश्रण आणलं, म्हणजे चिकोरी दुप्पट. चिकोरीत पाण्यात विरघळणारा अंश कॉफीपेक्षा बराच जास्त असतो. काढा दाट आणि चिकट होतो. पितळी किंवा स्टीलच्या फिल्टरमध्ये तो रात्रभर सावकाश उतरतो, तिथे हे चालतं. नायलॉनच्या बारीक जाळीत पावडर तुंबली, जाळी बसते ती टोपली काठोकाठ भरली आणि कॉफी उतू जाऊन हॉट प्लेटवर करपली. आता मूळ तक्रारीत करपट वासाची भर पडली.

मेघनाने इंटरनेटवरचा उपाय केला: व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र टाकीत. भरपूर फेस आला, त्यामुळे काहीतरी घडतंय असं वाटलं. पण आम्ल आणि अल्कली एकमेकांना खाऊन टाकतात. उरतं ते सोडियम ॲसिटेटचं पाणी. क्षार जिथे होते तिथेच राहिले. हा उपाय इतक्या ठिकाणी वाचायला मिळतो की चीड येते. दोन्ही वस्तू उपयोगी आहेत, पण वेगवेगळ्या कामांना आणि वेगवेगळ्या वेळी.

त्यानंतर दुरुस्तीवाला आला. त्याने मशीन पाच मिनिटं चालू ठेवलं, 'हीटर कमजोर झालाय' म्हणाला आणि चौदाशे रुपये सांगितले. निखिलने तोवर तीन हजारांचं नवं मशीन निवडून ठेवलं होतं. तेवढ्यात मेघनाने मला फोन केला: "काका, तुम्ही बॉयलरवाले, एकदा बघून जा. मग फेकू."

पहिला निर्णय: दोष कुठे आहे ते आधी ठरवणं

माझी नोकरी कारखान्याच्या बॉयलर हाऊसमध्ये गेली. तिथे पाण्याकडे न बघता हीटरला दोष देणारा माणूस फार टिकत नाही. पण ती फक्त माझी सवय झाली. पुरावा हवा होता. म्हणून काहीही साफ करण्याआधी तीन साध्या गोष्टी केल्या.

पहिली, जाळी आणि पावडर काढून नुसतं पाणी चालवलं. पाऊण लिटर पाणी २५ अंशांवरून ९५ वर न्यायला सुमारे २२० किलोज्यूल ऊर्जा लागते. ६५० वॅटच्या हीटरला ती द्यायला साडेपाच-सहा मिनिटं पुरतात. वाफेत आणि हवेत जाणारी उष्णता धरली तर सात-आठ. मशीनने नुसत्या पाण्याला एकोणीस मिनिटं घेतली. पावडर निर्दोष सुटली. टोपलीत पडणाऱ्या पाण्यात थर्मामीटर धरला तर ८० अंशांच्या आसपास. चांगल्या कॉफीसाठी ते ९० ते ९६ च्या दरम्यान हवं.

दुसरी, प्लग काढून, बटण चालू ठेवून, प्लगच्या दोन पिनांमध्ये मल्टिमीटर लावला. २३० व्होल्टवर ६५० वॅट म्हणजे रोध ८१ ओहम यायला हवा. मीटरने ८२ दाखवले. हीटर ठणठणीत होता. मग वेळ कशाला लागते? चालू मशीनला कान लावला तर मधूनमधून 'टक्' असा आवाज येत होता. थर्मोस्टॅट वीज तोडत होता, थोड्या वेळाने जोडत होता, पुन्हा तोडत होता.

यामागचं कारण समजायला मशीनची रचना बघावी लागते. ड्रिप मशीनमध्ये पंप नसतो. टाकीतलं पाणी एका छोट्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हमधून खाली उतरतं आणि हॉट प्लेटच्या पोटाशी बसवलेल्या अॅल्युमिनियमच्या नळीत येतं. नळीला हीटर चिकटलेला असतो. पाणी उकळू लागलं की वाफेचे बुडबुडे पाण्याचे घोट वर ढकलतात. व्हॉल्व्हमुळे त्यांना टाकीकडे परत जाता येत नाही, म्हणून ते वरच्या नळीतून टोपलीवर पडतात. आता नळीला आतून क्षारांचा थर बसला तर उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही, नळीचा धातूच तापतो, थर्मोस्टॅटला वाटतं मशीन कोरडं चाललंय आणि तो वीज तोडतो. पाणी कमी तापतं, थोडंथोडं वर चढतं, वाटेत निवतं. पावडरीत ते दुप्पट-अडीचपट वेळ मुरतं, म्हणून कॉफी कडू. जग तितका वेळ हॉट प्लेटवर बसतो, म्हणून आणखी कडू. कोमट आणि कडू एकाच वेळी कशी, हा नानांचा प्रश्न इथे सुटला.

तिसरी गोष्ट म्हणजे टॉर्च. टाकीच्या तळाच्या भोकात उजेड टाकला तर कडेला पांढरट-पिवळा खरबरीत थर दिसला. टाकीच्या भिंतींवर बोट फिरवलं तर बुळबुळीत. झाकण कायम बंद, आत ओल. ते होणारच होतं.

दुसरा निर्णय: पाण्याचं काय

इथे घरात खरा वाद झाला. निखिलचं म्हणणं, सोसायटीत सॉफ्टनर आहे, मग क्षार येतील कुठून? त्याने आरओवाल्याकडचा टीडीएस मीटर आणून दाखवला: पंपरूममध्ये, सॉफ्टनरच्या आधीच्या नळाला ७८०, घरच्या सिंकला ७८०. "म्हणजे सॉफ्टनर काहीच करत नाही," असा त्याने निष्कर्ष काढला. निष्कर्ष बरोबर निघाला, पण कारण चुकीचं होतं.

टीडीएस मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजतो आणि त्यावरून एकूण विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. सॉफ्टनर क्षार काढून टाकत नाही. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पकडतो आणि त्यांच्या बदल्यात सोडियम सोडतो. म्हणजे उत्तम चालणाऱ्या सॉफ्टनरच्या पुढेही मीटर ७८० च्या आसपासच दाखवेल. जडपणा, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचं प्रमाण, मोजायला वेगळी चाचणी लागते. थेंब मोजण्याचा छोटा संच मिळतो: नमुन्यात रंग टाकायचा, तो लालसर होतो, आणि निळा होईपर्यंत द्रावणाचे थेंब मोजायचे. सॉफ्टनरच्या आधी ४३०, सिंकच्या नळाला ४१० मिलिग्रॅम प्रति लिटर. आता निखिलचा निष्कर्ष सिद्ध झाला. भारतीय मानक १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात २०० पर्यंतचा जडपणा स्वीकारार्ह, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. म्हणजे पाणी बेकायदा नव्हतं. कॉफी मशीनसाठी मात्र ते वाईट होतं.

पंपरूममधल्या माणसाला विचारलं तर त्याने सरळ सांगितलं, मिठाच्या गोण्या यायच्या बंद झाल्यात. सॉफ्टनरमधलं रेझिन, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम पकडणारे मणी, ठरावीक पाणी गेल्यावर मिठाच्या पाण्याने धुवावं लागतं, नाहीतर ते भरून जातं आणि पाणी जसंच्या तसं पुढे जातं. कमिटीने खर्च वाचवला होता.

ठाणं आणि इथलं पाणी यात फरक का, हेही सांगण्यासारखं आहे. ठाण्याला येणारं पाणी पावसाचं, धरणा-नदीतून आलेलं. खडकाशी त्याचा सहवास थोडा. दख्खनच्या बेसॉल्टमधलं भूजल वर्षानुवर्षं खडकाच्या भेगांत राहतं आणि त्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम बायकार्बोनेटच्या रूपात विरघळवून घेतं. पाणी तापवलं की कॅल्शियम बायकार्बोनेट फुटतं, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि न विरघळणारं कॅल्शियम कार्बोनेट खाली बसतं. गीझरच्या कॉइलवर, पातेल्याच्या तळाशी दिसतं तेच.

किती बसलं असेल, याचा अदमास काढला. लिटरमागे ४१० मिलिग्रॅमपैकी समजा दहावा हिस्साच नळीत चिकटला, तरी पाच महिन्यांत सहा ग्रॅम होतात. पोकळ, सच्छिद्र थराच्या रूपात हे चार-पाच घन सेंटिमीटर. बोटाएवढ्या जाडीच्या, वीतभर वाकवलेल्या नळीच्या पोटात एवढं बसलं तर काय राहिलं?

तोलून पाहिलेले पर्याय

नवं मशीन घेणं सर्वांत सोपं होतं, पण त्याच नळाखाली भरलं असतं तर पुढच्या गणपतीत तीच तक्रार आली असती. हीटर बदलणं म्हणजे खरं तर नळीसह पूर्ण संच बदलणं. त्यामुळे मशीन सुधारलं असतं, आणि दुरुस्तीवाल्याचं निदान बरोबर होतं असा सगळ्यांचा समज झाला असता. तोही पाच महिन्यांचा उपाय.

प्लंबरने सुचवलेला पर्याय इथे मुद्दाम नोंदवतो, कारण तो खूप घरांत सुचवला जातो: बाथरूमचं ॲसिड पाणी घालून. ते हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. क्षार मिनिटात जातात, त्यानंतर ते अॅल्युमिनियमची नळी खायला लागतं, आणि ज्यातून पिण्याचं पेय येतं त्या वस्तूत ते घालायचंच नसतं. या पर्यायावर चर्चा केली नाही.

उरले तीन. व्हिनेगर: बाजारातल्या बाटलीत साधारण ४ टक्के ॲसिटिक ॲसिड, निम्मं पाणी घालून वापरतात, काम करतं, पण वास रबरी नळ्यांत अडकतो आणि नानांनी तो ओळखलाच असता. तयार डिस्केलर, म्हणजे क्षार काढायचं औषध: चांगलं असतं, काही शे रुपये पडतात, आणि बऱ्याच पाकिटांत मुख्य घटक सायट्रिक किंवा लॅक्टिक ॲसिडच असतो. आणि सायट्रिक ॲसिड, किराणा दुकानात लिंबू सत्त्व म्हणून मिळतं, ढोकळ्याला वापरतात तेच. एक ग्रॅम क्षाराला सुमारे १.३ ग्रॅम लागतं. सहा ग्रॅमसाठी आठ ग्रॅम. म्हणजे २०-२५ ग्रॅमची एक फेरी भरपूर झाली. वास नाही, किंमत नगण्य. ते निवडलं.

त्याचे दोन तोटे आहेत. जास्त तीव्र आणि जास्त गरम द्रावणात कॅल्शियम सायट्रेटचा पांढरा गाळ तयार होतो आणि तो पुन्हा नळीत बसू शकतो. शिवाय अॅल्युमिनियमला आम्लात लांबलचक भिजवणं बरं नाही. मेघनाला रात्रभर भिजत ठेवायचं होतं, 'एकदाच काय ते निघून जाऊ दे'. अर्ध्या तासावर थांबायचं ठरलं.

काय केलं

काम दोन भागांत केलं, कारण घाण दोन प्रकारची होती. क्षाराला आम्ल लागतं. कॉफीच्या तेलाला अल्कली लागते. आम्लाने तेल निघत नाही आणि सोड्याने क्षार हलत नाहीत.

आधी तेलाचं काम. जग, टोपली आणि नायलॉनची जाळी मोठ्या घमेल्यात गरम पाणी आणि दोन चमचे धुण्याचा सोडा घालून अर्धा तास बुडवून ठेवली. पाणी चहासारखं झालं. नानांना आजवर जो 'मुरलेला रंग' वाटत होता तो जाळीवरून निघाला आणि खालून पांढरं नायलॉन दिसलं. हे तेल हवेत खवट होतं. ताज्या पावडरीच्या कॉफीलाही तो खवटपणा लागतो. एक इशारा: धुण्याचा सोडा अॅल्युमिनियमच्या भांड्याला काळं पाडतो आणि खातो, म्हणून मशीनच्या टाकीत तो घालायचा नाही, आणि कुणाकडे अॅल्युमिनियमचा मोका पॉट (गॅसवर ठेवायचं कॉफीचं भांडं) असेल तर त्यालाही नाही. हॉट प्लेट गार असताना ओल्या फडक्याने आणि भांड्यांच्या साबणाने पुसली. करपलेला डाग पूर्ण गेला नाही. टाकी बाटलीच्या ब्रशने आणि साबणाने घासली.

मग पाऊण लिटर कोमट पाण्यात २५ ग्रॅम सायट्रिक ॲसिड. अर्धं पाणी वर चढेपर्यंत चालवलं, बटण बंद, अर्धा तास थांबलो. टाकीतून सोडा-वॉटरसारखा बारीक आवाज येत होता. कार्बन डायऑक्साइड सुटत होता. पुन्हा चालू केलं तेव्हा जगात दुधाळ पाणी आणि खपल्या पडल्या. सगळे खूश.

आणि मग मशीन थांबलं. वर पाणी चढेना; उलट टाकीत मोठमोठे बुडबुडे यायला लागले.

हा या प्रकरणातला सर्वांत अवघड टप्पा. निखिल म्हणाला, "बघा, गेलं." पण बुडबुडे टाकीकडे येतात याचा अर्थ एकच: नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बंद होत नाही. सुटलेली एखादी खपली त्याच्या तोंडात अडकली होती. दोन रस्ते होते. तळ उघडायचा, तर स्क्रू तीन पाकळ्यांचे होते, साध्या स्क्रूड्रायव्हरने न निघणारे. जबरदस्तीने स्क्रूची डोकी गेली असती. किंवा न उघडता उलटं धुवायचं. प्लग काढला, मशीन गार होऊ दिलं, टाकी रिकामी केली आणि मशीन सिंकवर उलटं धरून तळाच्या बाजूने हलके ठोकलं. मग नातीच्या औषधाची सिरिंज, सुई नसलेली, टाकीच्या भोकाशी घट्ट धरून पाणी आत-बाहेर ओढलं. काहीच झालं नाही. पुन्हा ठोकलं, पुन्हा ओढलं, तेव्हा तांदळाच्या कणीएवढी खपली बाहेर आली. वीजजोडणीच्या भागात पाणी गेल्याची शंका होती, म्हणून मशीन दुसऱ्या दिवसापर्यंत उन्हात ठेवलं आणि मगच प्लग लावला.

दुसरी फेरी निम्म्या तीव्रतेची, बारा ग्रॅमची. यावेळी खपल्या कमी, पाणी फक्त गढूळ. नंतर साध्या पाण्याच्या तीन फेऱ्या, शेवटचं पाणी जिभेला आंबट लागेनासं होईपर्यंत.

पाण्याची कायमची सोय

मशीन साफ झालं तरी टाकीत काय भरायचं हे ठरायचं होतं. आरओचं पाणी ६० टीडीएसचं. या मशीनला पाण्याची पातळी ओळखणारा सेन्सर नाही, त्यामुळे त्याला ते चाललं असतं. काही महागड्या मशीनमध्ये हा सेन्सर वाहकतेवर चालतो आणि फार शुद्ध पाण्यात टाकी रिकामी समजतो. असं मशीन असणाऱ्यांनी आधी तपासावं. नानांनी आरओच्या पाण्याची कॉफी दोन दिवस प्यायली आणि 'पाणचट नाही, पण आत काही नाही' असा निकाल दिला. पाण्यात थोडं कॅल्शियम-मॅग्नेशियम असलं तर कॉफीचा स्वाद नीट उतरतो. कॉफी व्यवसायातली स्पेशालिटी कॉफी असोसिएशन १५० च्या आसपास टीडीएस सुचवते.

निखिलला नळाचं आणि आरओचं पाणी एकास चार मिसळायचं होतं. हिशोबाने टीडीएस २०० च्या आसपास आला असता. पण टँकरचं पाणी थेट पोटात जाणाऱ्या पेयात घालणं मला पटलं नाही. ड्रिप मशीनमधून पाणी काही सेकंदच तापून जातं, आणि पाणी आधी वेगळं उकळून घ्यायचं तर मशीनच कशाला? आरओलाच टीडीएस नियंत्रणाचा स्क्रू होता. तो फिरवला की जंतू गाळून झालेलं पण क्षार न काढलेलं थोडं पाणी मिसळतं. आरओवाल्याने तो १५० वर आणून दिला. घरातलं पिण्याचं पाणीही त्यामुळे चवीला सुधारलं, असं मेघनाचं मत.

सॉफ्टनरचं पाणी सरळ वापरण्याचा विचार मात्र पूर्ण सोडला. ४१० मिलिग्रॅम जडपणा सोडियमने बदलला तर लिटरमागे १९० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम येतं. नानांना रक्तदाबाची गोळी आहे आणि डॉक्टरांनी मीठ कमी सांगितलं आहे. आंघोळीला, कपड्यांना, गीझरला सॉफ्टनर हवाच. पिण्याला आरओच्या पुढचंच पाणी.

निकाल

पाऊण लिटरला आठ मिनिटं. टोपलीत पडणारं पाणी ९२-९३ अंश. थर्मोस्टॅटचा आवाज फेरी संपेपर्यंत येत नाही. नाना ८०:२० वर परत आले. एकूण खर्च सायट्रिक ॲसिड, सोडा आणि जडपणा मोजायचा संच मिळून चारशेच्या आत, त्यातही बहुतेक संचाचा.

देखभालीसाठी तारखांचं वेळापत्रक केलं नाही. महिन्यातून एकदा डिस्केलिंग, असं सांगणाऱ्या माहितीपत्रकाला तुमच्या नळाचं पाणी माहीत नसतं. त्याऐवजी दर रविवारी मेघना फोनवर वेळ लावते. आठाची दहा मिनिटं झाली की सायट्रिक ॲसिडची फेरी, बारा ग्रॅमची. आरओचं पाणी सुरू झाल्यापासून ती एकदाच लागली. रोज वापरानंतर चोथा लगेच टाकायचा, जाळी साबणाने धुवायची, टाकीचं उरलेलं पाणी ओतून झाकण उघडं ठेवायचं. जाळीला सोड्याची आंघोळ आठवड्याने. झाकण उघडं ठेवण्यावरून आजही घरात कुरबुर होते, कारण आत धूळ जाते असं नानांना वाटतं.

सोसायटीत जडपणाचा आकडा सभेत मांडल्यावर मीठ पुन्हा सुरू झालं. काही आठवड्यांनी घरच्या नळाला ७० आला. पुढच्या उन्हाळ्यात टँकर वाढले, आणि आकडा परत २०० च्या वर गेला. कमिटी म्हणते, टँकर वाढले की मीठ जास्त लागतं; ते खरंही आहे. प्रश्न लटकलेला आहे.

वेगळं काय करता आलं असतं

गणपतीच्या आठवड्यात नुसत्या पाण्याची एक फेरी आणि घड्याळ, एवढ्यावर पावडर सुटली असती आणि चिकोरीचा, उतू जाण्याचा, करपलेल्या प्लेटचा उपद्व्याप झाला नसता. पावडर, प्रमाण आणि सफाई एकदम बदलली की काय बिघडलं आणि काय सुधारलं हे कुणालाच सांगता येत नाही. या घरात दोन-अडीच महिने तसंच झालं.

डिस्केलिंगचा क्रम उलटा हवा होता. आधी बारा ग्रॅमची सौम्य फेरी, मग गरज पडली तर २५ ची. जुना जाड थर तीव्र द्रावणाने सुटतो तो विरघळून नाही, खपल्या होऊन. आणि खपलीला वाटेत व्हॉल्व्ह आहे. हे मशीन सोपं होतं म्हणून सिरिंजवर निभावलं. पंप असलेल्या एस्प्रेसो मशीनमध्ये तीच खपली कुठे अडकली असती हे शोधायला तळ उघडावाच लागला असता.

दुरुस्तीवाल्याबद्दल निखिल अजून रागात आहे. मला तेवढा राग नाही. चालू-बंद होणारा हीटर बाहेरून कमजोरच दिसतो, आणि घरी येऊन पाच मिनिटांत निदान सांगायचं तर पाण्याचा जडपणा कोण मोजणार? त्याच्याकडे मल्टिमीटर होता, तो त्याने काढला नाही, एवढीच तक्रार रास्त आहे.

व्हॉल्व्हमधला सिलिकॉनचा तुकडा आता जुना झाला आहे. तो सुटा मिळत नाही, पूर्ण नळीचा संच घ्या असं सांगतात. पुन्हा अडकला तर तळ उघडायचा, असं ठरलं आहे, आणि तीन पाकळ्यांचा स्क्रूड्रायव्हर बिट निखिलने आणून ठेवला आहे.